जुना ट्रक चालू होत नाही? पंप उतरवण्याआधी क्रमाने हे बघा

सकाळी ट्रक लागला नाही की भोवती जमलेल्या चार माणसांची पाच मतं निघतात. एक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), आणि सगळ्यात ठासून बोलणारा हमखास सांगतो, "पंप गेलाय." पंप म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप. जुन्या डिझेल इंजिनात तो सगळ्यात महागड्या भागांपैकी एक, आणि बहुतेक वेळा तोच निर्दोष असतो. सैल टर्मिनल, डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा आणि अडकलेली स्टॉप केबल (इंजिन बंद करायची केबल) या फुटकळ कारणांनी जितक्या गाड्या उभ्या राहतात, तितक्या पंपाने राहत नाहीत. म्हणून खालचा क्रम स्वस्तातून महागाकडे जातो. सांगितलेलं नसताना मधली पायरी गाळली तर पुढची पायरी खोटं सांगते, एवढं लक्षात ठेवा.

हे कोणत्या गाड्यांसाठी? यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल ट्रकांसाठी. डोळ्यांसमोर आहेत त्या टाटाच्या १२१०, १६१२, १६१३ आणि १९८६ पासून रस्त्यावर असलेली ४०७. मोठ्या गाड्यांत बहुधा ६९७ इंजिन सापडतं, म्हणजे ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, ५६७५ सीसी. अनेक ४०७ मध्ये त्याच बोअरचं ४ सिलिंडरचं ४९७, २९५६ सीसी. सामान आणायला जाल तेव्हा दुकानदार गाडीच्या आधी इंजिनाचा नंबर विचारील, म्हणून इंजिनावरची पट्टी पुसून वाचून ठेवा. पंपावर मायको लिहिलेलं असेल. ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने चालते, त्यामुळे नव्या डब्यावर बॉश दिसलं तर बिचकू नका.

तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची नवी असेल तर इथेच थांबा. तिच्या लाइनीत हजार बारच्या पुढे दाब असतो. खाली नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचे) नट सैल करायला सांगितलं आहे, ते तिथे केलंत तर जीवावर बेतेल.

जवळ काय हवं

- ८ ते २२ नंबरचे पाने. १०, १३, १७ आणि १९ सतत लागतात
- साधा मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प
- टर्मिनल घासायला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश
- जाड जंप केबल. मोटारसायकलची पातळ केबल ट्रकला कामाची नाही
- मीटरभर पारदर्शक डिझेल पाइप, दोन क्लिप आणि पाच लिटरचा स्वच्छ कॅन
- काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची रिकामी बाटली
- तांब्याचे वॉशर, बॅन्जो बोल्टच्या (डिझेल पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) मापाचे, चारसहा तरी
- सुती फडकं, टॉर्च, आणि केबिनमध्ये बसून सांगाल तेव्हाच सेल्फ मारणारा माणूस

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उत्साही क्लिनर आणि इंजिनात घातलेला हात यांचं जमत नाही.

१. गाडी जागेवर बांधा, मग तेलाची पट्टी बघा

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगडाची नाहीतर लाकडाची उटी. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये कडं आलं तर ते क्षणात लाल होतं.

मग इंजिन ऑइलची पट्टी काढा. तेल नेहमीपेक्षा वर चढलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, किंवा तेल दुधाळ दिसत असेल तर सेल्फ मारू नका. दुधाळ म्हणजे पाणी मिसळलं आहे. अशा गाडीसाठी थेट सातव्या पायरीवर जा.

२. चावी फिरवा आणि कान द्या

हेडलाइट लावा आणि मग सेल्फ मारा. आवाज आणि लाइट या दोघांवरून निम्मं निदान होतं.

काहीच आवाज नाही आणि लाइट तसेच लख्ख: सेल्फपर्यंत करंट जात नाही. चावीचा स्विच, सोलेनॉइडची (सेल्फवरच्या विजेच्या स्विचची) बारीक वायर, फ्यूज, आणि गाडीला बॅटरी कटऑफ (बॅटरी तोडायचा मुख्य स्विच) असेल तर तो, या चार जागा बघा. सोलेनॉइडच्या बारीक वायरीला टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवायला सांगा. लॅम्प लागला तर दोष सेल्फकडे, नाही लागला तर स्विचकडे.

काहीच आवाज नाही आणि लाइटही नाही: कटऑफ, मुख्य फ्यूज किंवा पार मेलेली बॅटरी.

टकटकटक असा भराभर आवाज आणि लाइट मंद: बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल आहे.

एकच जोरदार "टक्" आणि पुढे शांतता: सोलेनॉइडचे संपर्क जळाले असतील, बॅटरी अर्धमेली असेल, किंवा इंजिनच अडकलं असेल. इंजिन मोकळं आहे का हे क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या मोठ्या पुलीच्या) बोल्टला पाना लावून हाताने फिरवून बघा. कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेमुळे, जड जाईल, पण फिरायला हवं. पाना भिंतीला टेकल्यासारखा थांबला तर सेल्फ मारणं बंद.

घर्र करून नुसता सेल्फ फिरतो, इंजिन हलत नाही: बेंडिक्स (सेल्फचं इंजिनात अडकणारं दातेरी चाक) घसरतंय, नाहीतर फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) रिंगचे दात एका जागी झिजले आहेत. क्रँक पुली पान्याने थोडी फिरवून पुन्हा मारा. आता पकडलं तर रिंगच झिजली आहे असं समजा.

सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन उचलत नाही: तिसरी पायरी सोडून चौथीवर जा.

एक घातक सवय हायवेवर सर्रास दिसते. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून थेट सेल्फ फिरवायचा. गाडी गिअरमध्ये असेल तर ती उचलते आणि चाकाजवळ वाकलेल्या माणसावरून जाते. हे कोणी करू लागला तर आधी केबिनमध्ये चढून गिअर स्वतःच्या हाताने बघा.

३. बॅटरी, टर्मिनल आणि विसरलेली अर्थ केबल

गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे आधी बघा. एका बॅटरीची प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेली असेल तर २४. १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला द्या. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. जोडीत एक मेलेली असली की दुसरीही तिच्यामागे जाते, आणि बदलायच्या तर दोन्ही एकदम.

नुसत्या उभ्या बॅटरीचं माप मात्र फसवतं. मल्टिमीटर बॅटरीच्या खुंट्यांवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. १२ व्होल्टच्या गाडीत आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही. (इंजिन जाम असलं तरीही तो कोसळतो, म्हणून मघाशी पुली फिरवून बघितली.)

आता टर्मिनल. खुंटीवर पांढरी-हिरवी बुरशी साचलेली असते ती गरम पाण्याने धुवा, टर्मिनल काढा, खुंटी आणि आतला भाग पॉलिश पेपरने चकचकीत करा. वरवर घट्ट वाटणारं टर्मिनल हाताने पिळून बघा. फिरलं तर ते सैलच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थ केबलकडे, म्हणजे बॅटरीचा मायनस चासी आणि इंजिनाला जोडणाऱ्या केबलकडे. इंजिन उतरवून रंगकाम करून बसवलेल्या गाडीत चासी आणि इंजिनमधली अर्थची पट्टी एकतर लावायची राहते, नाहीतर रंगावरच आवळलेली असते. लाइट लख्ख, हॉर्न खणखणीत आणि सेल्फ मात्र कण्हतोय, असं असेल तर जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ एकदम जोरात फिरला तर नवी बॅटरी घ्यायची गरज नाही. मल्टिमीटरने बघायचं तर एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, एक ब्लॉकवर, आणि सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको.

दुसऱ्या गाडीवरून जंप घेताना १२ ला १२ आणि २४ ला २४ च. प्लसला प्लस आधी. मायनसचं शेवटचं टोक बॅटरीवर न लावता ब्लॉकवर, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच.

४. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा

सेल्फ चांगला फिरतोय, तर १० सेकंद मारा आणि एका माणसाला सायलेन्सरच्या तोंडाकडे उभं करा. दोन प्रयत्नांमध्ये निदान मिनिटभर जाऊ द्या, नाहीतर आज डिझेलचा दोष शोधताना उद्या सेल्फ जळेल.

धूर अजिबात नाही: सिलिंडरमध्ये डिझेलच पोहोचत नाही. पाचवी पायरी.

पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा: डिझेल पोहोचतंय, पेटत नाही. सहावी पायरी.

काळा धूर: डिझेल जातंय, हवा जात नाही. एअर फिल्टर उघडा. जुन्या ऑइल बाथ फिल्टरमध्ये (तेलाच्या भांड्यातून हवा गाळणाऱ्या) तेल खुणेच्या वर भरलेलं असतं, किंवा महिनोन् महिने उभ्या गाडीत उंदरांनी घर केलेलं असतं. एक्झॉस्ट ब्रेक (सायलेन्सरची वाट बंद करून वेग कमी करणारा) असेल तर त्याची झडप बंद अवस्थेत अडकली आहे का तेही बघा. तोंड दाबलेलं इंजिन चालू होणार नाही.

५. डिझेल येत नाही: इथे घाई करू नका

आधी मूर्खपणाचे वाटणारे प्रश्न. टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विश्वास न ठेवता काठी घालून बघा. टाकीजवळ कॉक असेल तर तो उघडा आहे का? टाकीचं झाकण उघडताना "फुस्स" झालं का? झालं असेल तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय आणि टाकीत निर्वात तयार होतोय.

मग स्टॉपर. केबिनमधला नॉब आत ढकलला म्हणजे पंपावरची स्टॉप लिव्हर परत आली, असं नाही. गंजलेली केबल अर्ध्यावर अडकते. बॉनेट उघडून लिव्हर स्वतः हलवून बघा, ती चालू बाजूला पूर्ण आली पाहिजे. ज्या पंपाला केबलऐवजी सोलेनॉइड असतं, तिथे चावी देताना बारीक "टिक्" ऐकू येतो का बघा. या एका तपासणीला अर्धं मिनिट लागतं आणि पंप उतरवल्यावर तो परत बसवायला अर्धा दिवस.

आता खरा गुन्हेगार, हवा.

टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे पाठवणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन डिझेल ओढते, आणि फीड पंपापासून पुढची लाइन डिझेल ढकलते. पुढच्या भागात गळती असेल तर डिझेल टपकताना दिसतं. मागच्या भागात गळती असेल तर बाहेर एक थेंब येत नाही, उलट आत हवा ओढली जाते. शहाळ्याच्या नळीला भोक पडलं की पाणी वर चढत नाही तसं. म्हणून "कुठे गळत नाही" हे उत्तर पुरेसं नाही. संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालणारी, रात्री उभी राहिली की सकाळी रडवणारी आणि एकदा लागली की दिवसभर त्रास न देणारी गाडी बहुतेक वेळा या मागच्या भागातच हवा ओढत असते.

हवा काढायची रीत:

अ) फीड पंपावरचा हँड प्रायमरचा (हाताने डिझेल ढकलायच्या छोट्या पंपाचा) नॉब डावीकडे फिरवून मोकळा करा.

आ) फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) दोन आटे सैल करा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडून येणाऱ्या पहिल्यापासून सुरू करा.

इ) प्रायमर मारत राहा. आधी फसफस करत फेस येतो, मग पांढुरकं डिझेल बुडबुड्यांसह, आणि मग काचेसारखी एकसंध धार. धार सलग झाली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. हात आधी थांबवला तर हवा परत आत जाते, आणि नवखे लोक नेमकं तेच करतात.

ई) हेच पंपावरच्या ब्लीड स्क्रूवर करा. आता प्रायमर हाताला कडक लागायला हवा. शंभर वेळा मारूनही तो पोकळच लागला तर त्याचे व्हॉल्व्ह किंवा मागची लाइन तपासा. रोटरी पंपाच्या गाडीत स्क्रू वेगळ्या जागी असतात, क्रम तोच.

उ) प्रायमरचा नॉब खाली दाबून पूर्ण आवळा. सैल राहिला तर तोच हवा ओढतो.

ऊ) तरी लागली नाही तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट नोझलच्या टोकाला अर्धा आटा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा. नटाजवळ डिझेल उसळू लागलं की एकेक आवळत जा. बरेचदा दुसरा-तिसरा नट आवळतानाच इंजिन खोकतं आणि उचलतं.

या शेवटच्या कामात हात आणि तोंड लांब ठेवा. जुन्या नोझलही २०० बारच्या आसपास उघडतात. हा फवारा कातडी फोडून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि दुखतही नाही, पण आत डिझेल पसरत असतं. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, त्याच तासाला सर्जन गाठा.

हवा काढली, गाडी लागली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच? मग भोक शोधा. फीड पंपाकडे येणारा पाइप काढून त्या जागी पारदर्शक पाइप लावा आणि तो टपावर ठेवलेल्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. गाडी आता सुरळीत लागत असेल तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये आहे: तडकलेला रबरी पाइप, टाकीतल्या नळीची तुंबलेली जाळी, बॅन्जोचा दबलेला वॉशर. वॉशर एकदा खोलला की नवाच लावा. जुना उलटा करून आवळणारा मिस्त्री काटकसरी दिसतो, पण वॉशरची किंमत बघता ती काटकसर कुणाच्याच कामाची नाही. कॅनमधून डिझेल मिळूनही गाडी तशीच रडवत असेल तर दोष फीड पंपात, त्याच्या जाळीत किंवा त्याच्या पुढे आहे.

फिल्टर कधी बदलले आठवत नसेल तर याच वेळी बदला. नवा फिल्टर डिझेलने भरून बसवला की प्रायमर मारायचे कष्ट वाचतात.

६. पांढरा धूर येतो, पण इंजिन पेटत नाही

आधी पाणी. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून डिझेल बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी उभी केली तर वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा गार होऊन पाणी होते. पाणी निघालं तर नुसता फिल्टर रिकामा करून भागत नाही, टाकीचा तळही सोडावा लागतो.

मग सेल्फचा वेग. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं. इंजिन मिनिटाला शंभर-दीडशे फेरे तरी घेत नसेल तर ती उष्णता तयार होण्याआधीच निसटते. म्हणजे पांढऱ्या धुराचं मूळ कधीकधी थकलेल्या बॅटरीत असतं. महाबळेश्वरच्या घाटात पौषातल्या पहाटे हे लगेच जाणवेल, चैत्रातल्या सोलापुरात नाही.

पंप नुकताच उतरवून बसवला असेल तर टायमिंगवर, म्हणजे डिझेल फवारायच्या वेळेवर, संशय घ्या. पहिला सिलिंडर वर आला म्हणून खूण जुळवली, पण तो कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या फेरीत वर आला होता, म्हणजे पंप अर्धा फेरा चुकीचा बसला. टॅपेट कव्हर उघडून बघा: पहिल्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट मोकळे हवेत. सहा सिलिंडरमध्ये फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४, चारमध्ये १-३-४-२, आणि मोजणी रेडिएटरच्या बाजूने. पंप न उतरवताही त्याचे बोल्ट सैल होऊन तो किंचित फिरलेला असू शकतो. खुणेची रेघ बघा.

यानंतर उरतात नोझल आणि कॉम्प्रेशन. नोझल बाकावर तपासून घ्याव्यात, अंदाजाने नव्या घेऊ नयेत. रिंग आणि लायनर झिजले असतील तर गाडीने आधीच सूचना दिलेली असते: तेल पिणं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफ, दिवसेंदिवस लांबत जाणारा सेल्फ. कॉम्प्रेशन मापताना सिलिंडरमध्ये तेल ओतून बघायची पेट्रोल इंजिनातली युक्ती इथे करू नका. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच इतकी कमी असते की तेलाने रॉड वाकू शकतो.

या टप्प्यावर कोणीतरी पेट्रोलचं फडकं घेऊन येईल आणि एअर इनटेकला धरायला सांगेल. इथर स्प्रेचंही तेच. ते वेळेआधी पेटतं, आणि पिस्टन अजून वर येत असताना स्फोट झाला तर रिंग तुटतात. फडकं आत ओढलं गेलं तर तो आणखी वेगळा खर्च.

धक्का मारून किंवा उतारावरून सोडून गाडी लावायची असेल तर आधी एअर ब्रेकच्या हवेचा काटा बघा. इंजिन बंद, टाक्या रिकाम्या म्हणजे एअर ब्रेकची गाडी उतारावर थांबणार नाही. काटा शून्याजवळ असेल तर तो मार्ग बंदच समजा.

७. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला वेगळे नियम

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात शिरलं, तसं पाणी एअर फिल्टरच्या वर गेलं असेल तर चावीला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही. सेल्फच्या जोराने पिस्टन पाण्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकलं असतं ते इंजिन भंगारात जातं. बॅटरी सोडवा, सगळ्या नोझल काढा, पुली पान्याने हाताने फिरवून पाणी नोझलच्या भोकांतून बाहेर काढा. इंजिन ऑइल, फिल्टर, टाकीतलं डिझेल सगळं बदला. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे मोकळं फिरल्यावरच सेल्फचा विचार. पूर नसतानाही पट्टीवर दुधाळ तेल दिसलं असेल तर हेड गॅस्केटमधून रेडिएटरचं पाणी आत आलेलं असू शकतं. नोझल काढून हाताने फिरवायचा नियम तिथेही तोच, आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल तेव्हाही.

विम्याचा दावा करायचा असेल तर गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवा आणि पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा.

८. मिस्त्रीला काय सांगायचं

"गाडी लागत नाही" एवढंच सांगितलं तर तो शून्यापासून सुरू करणार आणि मजुरीही तशीच लावणार. कागदावर लिहून द्या: सेल्फ मारताना बॅटरी किती व्होल्टवर आली, धुराचा रंग कोणता, प्रायमर कडक लागतो की पोकळ, नट सैल केल्यावर किती पाइपांतून डिझेल उसळलं, आणि बाटलीत पाणी बसलं का. नट सैल केल्यावर एकाही पाइपातून डिझेल येत नाही, पण प्रायमर कडक आहे आणि स्टॉप लिव्हर मोकळी आहे, एवढं जुळलं तरच पंप उतरवायला हो म्हणा. पंप कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) गेला तर सोबत नोझलही पाठवा आणि पंपाच्या फ्लँजवरची टायमिंगची खूण उतरवण्याआधी फोनवर टिपून ठेवा.